थाळनेरचा फास आणि गुन्ह्याची व्याख्या

धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात, तापीच्या उत्तर काठावर थाळनेर आहे. फारुकी सुलतानांनी खानदेशावरचे राज्य याच गावातून सुरू केले. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सकाळी सर थॉमस हिस्लॉपची फौज या गावाच्या किल्ल्यापुढे येऊन थांबली. दोनच महिन्यांपूर्वी या फौजेने महिदपूरला होळकरांचा पराभव केला होता. ६ जानेवारीच्या मंदसौरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडचा होळकरांचा मुलूख कंपनीकडे आला आणि त्यात थाळनेरही आले. किल्लेदार होता तुळशीराम मामा. किल्ला खाली कर, नाहीतर तुला बंडखोर समजू, असा निरोप त्याला गेला. त्याने तो मानला नाही.

दिवसभर तोफा चालल्या. नंतर इंग्रजांची तुकडी दरवाजांपाशी आली तेव्हा किल्लेदार आपण होऊन बाहेर आला आणि शरण गेला. आतले अरब शिपाई शेवटच्या दरवाजाशी अजून अटींची बोलणी करत होते. एकाची भाषा दुसऱ्याला नीट कळत नव्हती. मेजर गॉर्डन, कॅप्टन मॅकग्रेगर आणि थोडे शिपाई दिंडीतून आत गेले आणि तिथे गर्दीत त्यांच्यावर हत्यारे चालली. गॉर्डन व मॅकग्रेगर ठार झाले. मग इंग्रज फौज आत घुसली आणि सुमारे तीनशे शिबंदी कापून काढली गेली. तुळशीराम मामाला त्याच दिवशी फाशी दिली.

ही हकीकत इथवर लढाईची आहे. पण हिस्लॉपने गव्हर्नर जनरलला जो खलिता लिहिला त्यात एक विधान असे आहे की त्याने ही हकीकत कायद्याच्या इतिहासात नेऊन ठेवली. पुढच्या दग्यात किल्लेदाराचा हात असो वा नसो, मुळातल्या बंडाबद्दल त्याला ही शिक्षा योग्यच होती, अशा अर्थाचे ते विधान आहे. 'हात असो वा नसो' हा प्रश्न ज्याला गौण वाटला, त्याच्याच देशाच्या न्यायालयांत तेव्हा हाच प्रश्न सर्वांत आधी विचारला जात होता. नुसत्या कृत्याने माणूस अपराधी होत नाही, मनही अपराधी असावे लागते, हे तत्त्व एडवर्ड कोकने सतराव्या शतकातच इंग्लंडच्या फौजदारी कायद्यावरच्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले होते. खुनाच्या व्याख्येत आरोपीने काय केले आणि ते करताना त्याच्या मनात काय होते, या दोन्ही गोष्टी लागत.

थाळनेरला या दोन्ही गोष्टी दाखवणे अवघड होते. दरवाजात हत्यारे चालली तेव्हा किल्लेदार इंग्रजांच्या ताब्यात होता. त्यामुळे कृत्य त्याचे नव्हते. त्याने आधी तसा हुकूम दिला होता असे म्हणावे, तर पुरावा हवा होता आणि तो ऐकायला चौकशी हवी होती. बंडाचा आरोपही पेलत नाही, कारण बंड आपल्या धन्याविरुद्ध होते आणि तुळशीराम मामा कंपनीचा चाकर कधीच नव्हता. १८१९ च्या मार्चमध्ये ब्रिटिश संसदेत या युद्धातल्या सेनापतींचे आभार मानण्याचा ठराव आला तेव्हा थाळनेरवर कडक प्रश्न विचारले गेले. आभार मानले गेले, पण किल्लेदाराच्या फाशीला या आभारात धरू नये, असे बजावून. एका खानदेशी किल्लेदारासाठी लंडनमध्ये एवढे तरी झाले. त्याचा जीव परत येणार नव्हता, हे वेगळे.

खानदेशातल्या पुढच्या दोनशे वर्षांच्या फौजदारी इतिहासात थाळनेरचा हा प्रश्न वारंवार समोर येतो. कागदावरचा कायदा एकेका माणसाचे कृत्य आणि मन तपासतो, असे सांगतो. प्रत्यक्षात मात्र हा मुलूख फार काळ गावावरून, जातीवरून, डोंगरावरून ओळखला गेला आणि शिक्षाही त्याच हिशेबाने झाली.

इंग्रजांच्या आधी इथे कायदा नव्हता, असे समजण्याचे कारण नाही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात जुनी पद्धत बरीच तपशिलाने येते. गावचा बंदोबस्त पाटलाकडे आणि त्याच्या हाताखालच्या राखणदाराकडे. खानदेशात या राखणदाराला जागल्या म्हणत आणि बहुतेक ठिकाणी तो भिल्ल असे. रात्री गावात कोण आले, कोण गेले, कोणाच्या दारात अनोळखी बैल बांधला आहे, हे त्याला ठाऊक असावे लागे. चोरी झाली की जागल्या माग काढायला निघे. पावलांचा माग शिवेपर्यंत गेला की पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा आणि त्याने तो आपल्या शिवेपलीकडे नेऊन दाखवायचा. ज्या गावात माग बुडाला त्या गावाने चोर तरी द्यायचा किंवा माल भरून द्यायचा.

या पद्धतीत चोराच्या मनाचा विचार कुठेच नाही. भरपाई देणाऱ्या गावाने काही केलेलेही नसे. पण ती अडाणी नव्हती. काळ्या मातीच्या मोकळ्या रानात, जिथे पाच कोसांवर दुसऱ्याची हद्द सुरू होई, तिथे मालकाला त्याचा बैल परत मिळणे ही खरी गरज होती आणि ती गरज ही पद्धत भागवत असे. शिवाय शेजारच्या गावाला चोर पोसणे महागात पडे. तिचा दोष निराळाच होता. जागल्यावर जबाबदारी होती म्हणून त्याला गावातून धान्याचा हक्क होता. हक्क बुडाला की जबाबदारीही बुडाली. १८०२ ते १८०४ च्या काळात होळकरांच्या स्वाऱ्या आणि पाठोपाठ आलेला दुष्काळ यांनी खानदेशातली गावेच्या गावे ओस पाडली. गाव उठले की जागल्याचा हक्क कोण देणार? कालपर्यंत ज्यांनी घाट राखले, त्यांतल्या अनेकांनी आता त्याच घाटांत वाट अडवायला सुरुवात केली.

१८१८ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज खानदेशचा कारभार पाहायला आला, तेव्हा त्याच्यापुढे आलेला मुलूख असा होता. त्याने दोन्ही मार्ग चोखाळले. घाट राखणाऱ्या भिल्ल नाईकांना तनखे बांधून दिले आणि जे आले नाहीत त्यांच्यावर फौज पाठवली. पाले जाळली गेली, नाईक पकडले गेले, काहींना फाशी झाली. डोंगरातल्या पालावर पहाटे छापा पडतो तेव्हा तिथे झोपलेल्यांपैकी कोणी कोणता गुन्हा केला आहे, हे विचारायला कोणी थांबत नाही. सात वर्षे हे चालले आणि त्यातून शांतता आली नाही. १८२५ मध्ये धोरण बदलले. मागच्या अपराधांची माफी, शेतीसाठी जमीन, बैल व तगाई, जागल्यांच्या जुन्या हक्कांची चौकशी आणि तरुण लेफ्टनंट जेम्स औट्रमच्या हाताखाली भिल्लांचीच एक पलटण. तिचा तळ धरणगावला पडला. हे गाव एरंडोलजवळ आहे आणि औट्रमचे नाव तिथे आजही माहीत असते. सरकारने माफीचा मार्ग पत्करला, याचा कायद्याच्या भाषेत अर्थ असा की सरसकट माणसांवरचे आरोप एकेक करून सिद्ध करणे शक्य नाही, हे त्याने मान्य केले.

त्याच सुमाराला मुंबई इलाख्याला लेखी फौजदारी कायदा मिळाला. १८२७ चे एल्फिन्स्टनचे कायदे सत्तावीस होते आणि त्यातला चौदावा गुन्हे व शिक्षांचा. बंगाल आणि मद्रासमध्ये अजून इस्लामी फौजदारी कायद्याच्या चौकटीवर ठिगळे लावणे चालू होते. मुंबईने तो सगळा पसारा बाजूला सारून आपली एकच संहिता केली, ही मोठी गोष्ट होती. पण तिच्यातली खुनाची व्याख्या वाचली की थाळनेर आठवते. जाणूनबुजून आणि सबळ कारणाशिवाय दुसऱ्याचा जीव घेणे हा खून, हे बरोबरच. त्याच्या जोडीला दुसरा भाग होता. कोणतेही बेकायदा कृत्य करताना किंवा त्यात मदत करताना माणूस मेला, तर तोही खून. म्हणजे गुरे पळवायला गेलेल्या दहाजणांपैकी एकाच्या काठीने गुराखी मेला, तर गुरे हाकणारा पोरगाही खुनी. मारायचे त्याच्या मनात होते की नव्हते, हे पाहायचे कारणच उरत नाही. हा विचार इंग्लंडमधूनच आला होता. तिथे तो १९५७ पर्यंत टिकला आणि त्या वर्षीच्या मनुष्यवधविषयक कायद्याने काढून टाकला.

मेकॉलेच्या विधी आयोगाने १८३७ मध्ये भारतीय दंड संहितेचा मसुदा दिला तेव्हा त्यात मुंबईचा प्रतिनिधी म्हणून जी. डब्ल्यू. अँडरसन होता. तरीही आयोगाने मुंबईच्या संहितेची फार तारीफ केली नाही. सगळे एका जागी मांडले आहे, याखेरीज इतर इलाख्यांच्या कायद्याहून तिच्यात काही सरस नाही, असाच त्यांचा सूर होता. बेकायदा कृत्यातून अपघाताने आलेल्या मरणाला खून म्हणण्यावर मेकॉलेने टीपेत जे लिहिले ते फार नेमके आहे. चोरी करताना चुकून कोणी मेले म्हणून त्या एका चोराला फाशी द्यायची, तर चोरांच्या नावाने चिठ्ठ्या टाकून एखाद्याला लटकवणे आणि हे यात फरक काय, असा त्याचा मुद्दा. शिक्षेचा धाक अपराध्याच्या हेतूशी जोडलेला असावा, नशिबाशी नव्हे.

मसुदा तेवीस वर्षे पडून राहिला. या मधल्या काळात खानदेशात एक प्रकरण असे घडले की ज्याला तो कायदा हवा होता.

मुंबई–आग्रा रस्ता शिरपूरच्या पुढे सातपुड्यात चढतो तिथे सेंधव्याचा घाट आहे. हा घाट राखण्याचे काम खाज्या नाईककडे होते आणि त्याच्या आधी त्याच्या वडिलांकडे, गुमान नाईककडे. वर्षानुवर्षे व्यापाऱ्यांचे तांडे आणि सरकारी खजिने त्याच्या भरवशावर घाट ओलांडत. १८५० च्या सुमाराला त्याने एका संशयित लुटारूला पकडले आणि शिक्षा करताना तो माणूस मेला. खाज्याला दहा वर्षांची कैद झाली. मुदत पुरी होण्याआधी तो सुटला आणि १८५७ च्या धामधुमीत घाट सांभाळायला दुसरा कोणी मिळेना म्हणून सरकारने त्याला पुन्हा कामावर घेतले. तो फार दिवस राहिला नाही. भिल्लांचा दुसरा पुढारी भीमा नाईक याच्यासह तो उठला आणि त्या नोव्हेंबरात घाटातून जाणारा सात लाखांचा सरकारी खजिना भिल्लांनी ताब्यात घेतला. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला मोठी लढाई झाली. तिच्यात पकडलेल्या अनेकांना जागच्या जागी लष्करी न्यायालय भरवून गोळ्या घातल्या आणि भिल्लांच्या शेकडो बायका-मुले धरून नेली.

बंडाची कथा गायली गेली आहे, ती गायली जाणे योग्यच आहे. पण खाज्याचा आधीचा खटला तितकाच विचार करण्यासारखा आहे. त्याने माणूस मारला हे खरे. पण चोर पकडणे हेच त्याचे काम होते आणि चोर पकडला की त्याला बदडणे ही त्या काळच्या घाटातली रीतच होती. त्याचा उद्देश जीव घेण्याचा होता का? १८६० च्या दंड संहितेत खुनाच्या व्याख्येला जे पाच अपवाद जोडले, त्यातला तिसरा अशाच माणसासाठी आहे. लोकसेवक आपल्या अधिकाराची मर्यादा ओलांडतो, पण कर्तव्यासाठी हे कृत्य कायदेशीर व आवश्यक आहे असे त्याला सद्भावनेने वाटते आणि मनात वैर नसते, तेव्हा त्याच्या हातून झालेला मृत्यू खून ठरत नाही. तो सदोष मनुष्यवध ठरतो. त्याच संहितेने कबुली काढण्यासाठी इजा करणे हा वेगळा गुन्हाही ठरवला. खाज्याला या दोन्ही कलमांच्या मधली जागा मिळाली असती की नाही, हे पुरावा पाहूनच ठरले असते. पण प्रश्न तरी नीट विचारला गेला असता.

१ जानेवारी १८६२ पासून दंड संहिता लागू झाली. तिचे मोठेपण पाहायचे तर चोरीचे कलम वाचावे. जळगावच्या मणियार विधी महाविद्यालयातला विद्यार्थी आजही ते पाच घटकांत मांडायला शिकतो. वस्तू जंगम हवी. ती दुसऱ्याच्या ताब्यात हवी. त्याची संमती नसावी. नेणाऱ्याचा उद्देश अप्रामाणिक असावा. आणि त्या उद्देशाने ती वस्तू हलवलेली असावी. पाचांतला एक घटक जरी सिद्ध झाला नाही तरी चोरी नाही. कलमाखालची उदाहरणे तर खानदेशच्या रस्त्यावरून उचलल्यासारखी आहेत. खजिन्याची पेटी लादलेला बैल वाटेत भेटतो आणि कोणी तो वेगळ्या दिशेला हाकतो. बैल हलला त्या क्षणी खजिन्याची चोरी पुरी झाली, पेटीला हात लागो न लागो. उभे झाड जमिनीला जोडलेले आहे तोवर त्याची चोरी होत नाही. नेण्याच्या इराद्याने ते तोडून जमिनीपासून वेगळे केले की होते. इंग्लंडच्या आजच्या १९६८ च्या कायद्याला मालकाची वस्तू कायमची हिरावण्याचा इरादा लागतो. आपल्याकडे तो लागत नाही. तात्पुरती नेली तरी अप्रामाणिकपणे नेली असेल तर चोरी.

चोरीत मारहाण किंवा तत्काळ मारण्याची भीती मिसळली की जबरी चोरी होते. ती पाच किंवा अधिक माणसांनी मिळून केली की दरोडा. चार जणांचा दरोडा कायद्याला माहीत नाही. एरवी नुसती तयारी हा गुन्हा नसतो, पण दरोड्याची तयारी हा गुन्हा आहे. दरोड्यासाठी जमणे हाही गुन्हा आहे. आणि दरोड्यात एकाने खून केला तर सगळे जबाबदार. १८२७ च्या कायद्याचा तो जुना कडकपणा या एका कोपऱ्यात मेकॉलेच्या वारसदारांनी शाबूत ठेवला. ठगी आणि पेंढाऱ्यांची आठवण त्यांच्या मनात ताजी होती, हे त्याचे कारण.

झाडाचे उदाहरण सातपुड्यात वेगळ्याच रीतीने खरे झाले. भिल्ल आणि पावरा शेतकरी नांगराच्या इसाडासाठी सागाचे लाकूड तोडत आले होते, तो आपला हक्क आहे असे समजून. चोरीच्या कलमाने त्याला आरोपी केले असते तर त्याच्या बाजूने बोलायला जागा होती. हक्क आहे असे ज्याला प्रामाणिकपणे वाटते त्याचा उद्देश अप्रामाणिक कसा? पण त्याच्यावर कारवाई होई ती वन कायद्याखाली. १९२७ च्या वन कायद्याचे ६९ वे कलम असे की वनोपज कोणाचे हा वाद निघाला तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच धरायचे. मालकी सिद्ध करण्याचे ओझे सरकारवरून उचलून लाकूड तोडणाऱ्याच्या डोक्यावर ठेवले गेले. २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या प्रस्तावनेत हा ऐतिहासिक अन्याय असल्याचे मान्य केले. तोवर सातपुड्यातल्या काही पिढ्या फॉरेस्टच्या खेपा मारण्यात गेल्या होत्या.

याहून वाईट कायदा आधीच आला होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा सुरुवातीला उत्तरेत लागू झाला, १९११ च्या दुरुस्तीनंतर मुंबई इलाख्यातही त्याची अंमलबजावणी झाली. एखादी जमात अधिसूचनेने गुन्हेगार ठरवायची, मग तिच्यातल्या माणसांनी नाव नोंदवायचे, बोटांचे ठसे द्यायचे, हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. परवानगी न घेता बहिणीच्या गावी गेला तर तोच गुन्हा. दंड संहितेने ज्या घटकांची एवढी काळजी घेतली, त्यांपैकी एकही इथे लागत नव्हता. कृत्य नको, उद्देश नको, जन्म पुरे. खानदेशच्या १८८० च्या गॅझेटियरमध्ये भिल्ल, पारधी अशा जमातींविषयी ज्या भाषेत लिहिले आहे ती वाचताना आजही चीड येते, कारण कोर्टात आरोपीला जो संशयाचा फायदा मिळतो तो त्या पानांवर संपूर्ण समाजाला नाकारलेला आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला. भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांच्या जुन्या याद्या नव्या नावाने चालू राहिल्या.

स्वातंत्र्याच्या लढ्यात खानदेशाने फौजदारी कायद्याला दोन टोकांनी तोंड दिले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा होते, साने गुरुजी होते, जमनालाल बजाज होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. गीता प्रवचने हे पुस्तक त्यातून झाले. सत्याग्रही कोर्टात कायदा मोडल्याचे कबूल करी आणि तो जाणूनबुजून मोडला हेही सांगे. सरकारी वकिलाला कृत्यही सिद्ध करावे लागत नसे आणि मनही.

दुसरे टोक चिमठाण्याचे. १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाणे गावाजवळ, धुळ्याहून नंदुरबारकडे मोटारीने चाललेला सरकारी खजिना क्रांतिकारकांनी लुटला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरातली. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड आणि नागनाथ नायकवडी इतक्या लांब येऊन खानदेशच्या कार्यकर्त्यांबरोबर या कामात उतरले होते. डॉ. उत्तमराव पाटील यांच्यासारख्या इथल्या माणसांशिवाय ते शक्य नव्हते. रस्ता, गाड्यांच्या वेळा, लपायची घरे, पळायच्या वाटा, हे सगळे स्थानिकांनाच ठाऊक. पाचाहून जास्त माणसे, हत्यारे, धाक दाखवून घेतलेला माल. दंड संहितेच्या दरोड्याचा एकेक घटक तिथे हजर होता. त्या पैशातली पैही कोणाच्या घरच्या चुलीसाठी नव्हती. तरी कायदा ते लक्षात घेत नाही, कारण तो हेतू आणि उद्देश यांत फरक करतो. पैसा कशासाठी हवा होता हा हेतू. सरकारच्या ताब्यातून तो त्याच्या संमतीवाचून काढून घ्यायचा हा उद्देश. गुन्हा उद्देशावर ठरतो. हेतूचा विचार फार तर शिक्षा ठरवताना होतो. सेंधव्याच्या घाटात खाज्या नाईकने जे केले आणि ८७ वर्षांनी चिमठाण्याला जे झाले, त्याला कायद्याने एकच नाव ठेवले. लोकांनी चिमठाण्याला स्मारक उभारले.

या सगळ्या इतिहासाने अंगावर यावे असा दिवस १ जुलै २०१८ चा. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला रविवारचा बाजार होता. सोलापूरकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे काही भिक्षेकरी गावात उतरले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा व्हॉट्सॲपवरून आठवडाभर घरोघर पोचली होती. त्यांनी एका मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला एवढे निमित्त झाले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. पाच माणसे मेली. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव भिक्षा मागत फिरणाऱ्या समाजाची ही माणसे होती. अनोळखी चेहरा, फिरस्ती, वेष, एवढ्यावरून त्यांचे मन ओळखल्याचा जमावाला भरवसा वाटला. गुन्हेगार जमाती कायद्याने जी सवय लावली ती कायदा गेल्यावर सहासष्ट वर्षांनीही गेली नव्हती, असेच म्हणावे लागते. आणखी दुःखाची गोष्ट अशी की राईनपाडा हा आदिवासी वस्तीचा भाग आहे. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी स्वतः ही नजर सोसली, त्यांच्याच गावात ती दुसऱ्यांवर रोखली गेली.

जमावाच्या खुनाचा खटला चालवणे हे फौजदारी कामातले सर्वांत अवघड काम. शेकडो माणसे हजर, कोणाची काठी कोणाला लागली हे सांगणारे थोडे. बेकायदा जमावाच्या कलमाने वाट काढून दिली आहे. पाच किंवा अधिक माणसे एका बेकायदा उद्दिष्टाने जमली आणि त्या उद्दिष्टासाठी एकाने गुन्हा केला, तर प्रत्येक सदस्य दोषी. पण आरोपी त्या जमावाचा सदस्य होता, नुसता बघ्या नव्हता, हे प्रत्येकाबाबत वेगळे दाखवावे लागते. १९६४ च्या मसल्ती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा सावधपणा शिकवला की आरोपी आणि बळी दोन्ही पुष्कळ असतील तेव्हा एकाच्या बोटावर विसंबू नये. दोन-तीन साक्षीदारांचे सुसंगत सांगणे जुळले तरच दोषी धरावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने राईनपाडा प्रकरणात सात जणांना जन्मठेप दिली. घटनेच्या दिवशी तिथे जमलेल्यांच्या संख्येशी ताडले तर सात हा आकडा लहान वाटतो. पण राईनपाड्याच्या सगळ्या गावाला दोषी ठरवणे म्हणजे माग बुडाला त्या गावाकडून भरपाई घेण्याची जुनी रीत पुन्हा आणणे. न्यायालयाने तसे केले नाही, हे योग्यच झाले.

राईनपाड्याला बरोबर सहा वर्षे झाली त्या दिवशी, १ जुलै २०२४ ला, भारतीय न्याय संहितेने दंड संहितेची जागा घेतली. खुनाची शिक्षा आता कलम १०३ मध्ये आहे आणि त्याचे दुसरे पोटकलम जमावाच्या हत्येसाठी नवे आले आहे. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात किंवा समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून खून केला तर जमावातल्या प्रत्येकाला मृत्युदंड किंवा जन्मठेप आणि दंड. इथे कायद्याने एक नवा घटक मागितला आहे. एरवी हेतू न पाहणारा कायदा या पोटकलमात हेतूच सिद्ध करायला सांगतो. राईनपाड्यासारखे प्रकरण उद्या या कलमाखाली आले तर बचावाचा वकील म्हणेल की आरोपींनी जात पाहून मारले नाही, मुले पळवणारे समजून मारले. फिर्यादीला दाखवावे लागेल की त्यांना मुले पळवणारे समजण्याचे कारणच ते कोण दिसत होते यात होते, आणि 'तत्सम कारण' या शब्दांत भटकेपण बसते. यावर वरच्या न्यायालयांचा निर्णय पडेपर्यंत साक्री, शिरपूर, चोपड्यासारख्या तालुक्यांतल्या वकिलांना हा मुद्दा एकेका प्रकरणाच्या पुराव्यावरूनच लढावा लागेल.